दोन अर्ध्यांचा एक कोयता

दरवर्षी दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, पाथर्डीकडच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, सरपण, बाजरीच्या पिठाचा डबा, एखादी शेळी, दोन-चार कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटला. पाडव्याच्या आगेमागे कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ही कुटुंबं ऊस तोडतात. चार-पाच महिने. शाळेच्या वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग.

या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की गळती, हजेरी, वसतिगृहं यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण मला इथे फक्त गणिताबद्दल लिहायचं आहे. कारण ऊसतोड कुटुंबाचं सगळं वर्ष एका वहीतल्या हिशेबावर चालतं आणि ती वही त्यांच्याकडे नसते.

धंद्याची मापं आधी सांगितली पाहिजेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतात ती उचल, दर आठवड्याला बाजारासाठी मिळते ती खर्ची, काम चुकलं तर खाडा. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरायच्या, ट्रकचं वजन कारखान्याच्या काट्यावर होणार आणि मजुरी टनावर मिळणार. ही भाषा पोरांना बोलायला लागल्यापासून येते.

गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याजवळच्या अड्ड्यावर मी वरचेवर जात होतो. मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, रांगेच्या टोकाला एका संस्थेचा वर्ग भरतो. वर पत्रा, तीन बाजूंनी हिरवी जाळी, खाली ताडपत्री. शिकवणाऱ्या ताई मानधनावर आहेत. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून मीही त्यांना ताईच म्हणतो. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, तेव्हा लहान भावंडं मोठीच्या अंगावर पडतात. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुली कडेवर बाळ घेऊन वर्गात येतात. बाळ रडलं की उठून बाहेर जातात, शांत झालं की परत येऊन बसतात. मधल्या वेळात फळ्यावर झालेलं त्यांचं हुकतं. ताई म्हणूनच कुठलंही उदाहरण दोनदा घेतात.

एका दुपारी ताईंनी अड्ड्यावरचाच हिशेब घातला. टोळीने वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकले, ६१२ रुपये आले. टोळीत पाच पूर्ण कोयते आणि दोन अर्धे. कुणाला किती?

चौथीतल्या एका मुलीने बोटंसुद्धा हलवली नाहीत. "दोन अर्ध्यांचा मिळून एक. म्हंजी सहा कोयते. शंभर-शंभर दिले, बारा उरले. दोन-दोन आनिक. पुऱ्याला एकशेदोन." मग जरा थांबून, "आन् अर्ध्याला एक्कावन."

ताईंनी फळ्यावर ६१२ भागिले ६ मांडलं आणि खडू तिच्याच हातात दिला. तिने सहा एके सहा केलं, वर एक लिहिला. मग एकात सहा जात नाहीत म्हणून दोन खाली घेतला, बाराला सहा दुणे बारा केलं आणि वर दोन लिहिला. उत्तर १२. मधलं शून्य गेलं. हे शून्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौथीच्या वर्गात असंच जातं, यात नवल नाही. पण ताईंनी पुढे फळ्यावर १/२ + १/२ लिहिलं. मुलीने वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले आणि २/४ असं उत्तर दिलं.

"आत्ताच तू काय म्हणालीस? दोन अर्ध्यांचा?"

"एक."

"मग हे?"

ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते कोयत्याचं हाय, ताई. हे फळ्यावरचं."

या उत्तरात मला सगळा प्रश्न सापडला. तिला अपूर्णांक येत नाहीत असं कोण म्हणेल? ती त्यांच्यात राहते. पण फळ्यावरच्या खुणांचा आपल्या जगण्याशी संबंध नसतो, तिथे नियम वेगळे आणि ते कुणीतरी दुसऱ्याने केलेले, हे ती तीन-चार वर्षांच्या तुटक शाळेत पक्कं शिकली आहे. शाळेने तिला शिकवलेली ही सगळ्यात खोल गोष्ट.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान या तिघांनी रस्त्यावर नारळ, कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास करून १९८५मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मुलं ९ ते १५ वयाची. संशोधक गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारत तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर नुसती क्रिया म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. पस्तीसचा एक नारळ, तर दहांचे किती, याला एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, ते तीनदा मिळवले आणि वर एकाचे ३५ घातले. दहाने गुणायचं तर पुढे शून्य द्यावं, हा शाळेतला नियम त्याने वापरला नाही. वापरली ती पद्धत त्याची स्वतःची आणि तिच्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

आपल्या देशात अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. तो २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारातल्या मुलांना पाठ्यपुस्तकातली गणितं जमली नाहीत, हे अपेक्षितच होतं. त्या अभ्यासातली दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते: शाळेत जाणाऱ्या, पुस्तकातली गणितं सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमला नाही. म्हणजे पूल दोन्ही काठांवरून तुटलेला आहे. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी घरोघर छोटे उद्योग चालतात अशा वस्तीतल्या मुलांबरोबर काम केलं, त्यांनाही मुलांकडे मापांचं, पैशांचं भरपूर ज्ञान दिसलं. ते ज्ञान वर्गात येत नाही, कारण त्याला कुणी आत बोलावत नाही.

ताई बोलावतात. दशक शिकवताना त्या वाळक्या काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून घेतात. पहिल्या दिवशी एका पोराने हरकत घेतली, मोळीत दहाच ऊस कुठे असतात, डोक्यावर पेलेल तेवढे असतात. हरकत रास्त होती. ताईंनी ती खोडून काढली नाही. सगळ्यांच्या मोळ्या वेगवेगळ्या असतील तर मोळ्या मोजून काय कळेल, असं त्यांनी विचारलं. वाद बराच चालला. शेवटी पोरांनीच ठरवलं की म्हणूनच कारखाना मोळ्या मोजत नाही, वजन करतो. आणि मोळ्या मोजून चालवायचं तर सगळ्या सारख्या पाहिजेत. एकक म्हणजे काय, हे त्या वर्गाला व्याख्येशिवाय कळलं.

संख्यांची नावं हा आणखी एक अडसर. पंचवीस ऐकलं की आधी पाच ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर नऊ कुठेच ऐकू येत नाही. घरी गोरमाटी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांना हे आणखी जड जातं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात प्रचलित नावांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा विधानसभेपासून घराघरापर्यंत चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत राहिल्या. त्या चेष्टेत अशा वर्गांतल्या मुलांचा विचार कुणी केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ताई दोन्ही नावं वापरतात. मुलं महिन्याभरात आधाराचं नाव आपसूक सोडतात.

इथे एक धोका आहे आणि तो मी स्पष्ट सांगतो. तोंडी हिशेबाचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. पोरं हुशार आहेत, व्यवहारात पक्की आहेत, मग त्यांना 'व्यवहारापुरतं' गणित पुरे, असं मी भल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ते मला मान्य नाही. तोंडी हिशेब एका ठिकाणी येऊन थांबतो, आणि नेमका तिथूनच या कुटुंबांचा तोटा सुरू होतो.

काट्याची पावती घ्या. भरलेला ट्रक २७.८४० टन, रिकामा ९.६१५, ऊस १८.२२५. सहावीच्या वयाच्या एका मुलाने ती पटकन वाचली: अठरा टन दोनशे पंचवीस किलो. अगदी बरोबर. ताईंनी शेजारी १८.३ लिहिलं आणि जास्त कुठलं ते विचारलं. तो म्हणाला, पहिलं. कारण दोनशे पंचवीसपुढे तीन म्हणजे काहीच नाही, १८.३ म्हणजे अठरा टन तीन किलो. दशांशचिन्हानंतरचे आकडे सुटे वाचायची ही चूक जगभरच्या वर्गांत होते. इथे मात्र तिची किंमत काढता येते. अठरा टन तीनशे किलो आणि अठरा टन तीन किलो यांत २९७ किलोंचा फरक. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या घरातला दर ३६६च्या घरात गेला. त्या दराने हा फरक होतो जवळपास १०९ रुपयांचा. एका ट्रकमागे.

३४ टक्के वाढ म्हणजे किती, हे अड्ड्यावर मी मोठ्यांना विचारलं. बहुतेकांना नवा दर माहीत होता, टक्के कुणी मोजले नव्हते. मुकादमाचं कमिशनही टक्क्यांत असतं. एक आजोबा होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जुनी उजळणी त्यांना तोंडपाठ होती: पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. दीड टनाचे, सव्वादोन टनाचे किती, हे ते कागदाशिवाय सांगत. पण टक्क्यांपाशी तेही थांबले. त्यांच्या काळात दर रुपयांत वाढत होता, म्हणाले.

मोठ्या मुलांच्या गटाने एके दिवशी जमिनीवर खडूने एक मोठा हिशेब मांडला. लाखाची उचल धरली तर ती फिटायला किती टन तोडावे लागतील? भागाकार कुणालाच नीट येत नव्हता, तेव्हा ताईंनी तो मांडायला सांगितलाच नाही. पोरांनी शंभर टनांचे ३६,६०० काढले. दोनशेचे ७३,२००. आणखी सत्तर टनांचे २५,६२०, झाले ९८,८२०. तीन टन आणखी, १,०९८. एकूण २७३ टन, वर ८२ रुपये बाकी. रेसिफेच्या त्या मुलाने नारळ मोजले त्याच रीतीने. मग ताईंनी तीच मांडणी उभी करून दाखवली आणि हाच भागाकार, असं सांगितलं. एका पोराने नाक मुरडलं. एवढंच असतं तर आधी का नाही सांगितलं?

पुढचा प्रश्न पोरांचाच. जोडपं दिवसाला दोन टन तोडत असेल तर १३७ दिवस. दीड टन तोडत असेल तर १८२. पाऊस, आजारपण, खाडा यांत गेलेले दिवस वेगळे, आणि आठवड्याची खर्ची पुन्हा त्याच खात्यावर चढते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. हे आकडे खडूने लिहिले गेल्यावर मोठ्या मुलांतलं कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागतं ते का, हे त्यांना घरच्यांच्या बोलण्यातून ठाऊक होतंच. आता त्यांनी ते स्वतः काढलं होतं.

१८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शाळेत काय शिकवावं याच्या यादीत मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाला लागूनच त्यांनी हिशेब मागितला होता. सावकाराच्या वहीसमोर बसलेला कुणबी त्यांनी पाहिला होता. दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण मला त्यात याच अड्ड्याची ओळख पटते. अमेरिकेतले बॉब मोझेस १९६१मध्ये मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी गेले. तिथे वाट्याने कापूस पिकवणारी कुटुंबं हंगामाअखेर मळेवाल्याच्या वहीतल्या हिशेबाला उभी राहत आणि बहुतेकदा देणेकरीच राहत. मोझेस मूळचे गणिताचे शिक्षक. पुढे टांझानियात त्यांनी गणित शिकवलं आणि १९८२मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाल्यावर 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा केला. बीजगणित हा गरीब मुलांचा नागरी हक्क आहे, मताच्या हक्काइतकाच, हे त्यांनी २०२१मध्ये जाईपर्यंत सांगितलं. मुलांना आधी भुयारी रेल्वेतून फिरवायचं, त्या प्रवासाचं चित्र काढायला लावायचं, त्यांच्या बोलीत वर्णन करायला लावायचं आणि मग हळूहळू चिन्हांकडे न्यायचं, अशी त्यांची रीत होती. ताईंनी मोझेसांचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, चिन्हांपर्यंत पोचायला तिथे किती वेळ देतात?

वेळ हीच इथली खरी टंचाई. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याआधी संस्था आणि काही कारखाने साखरशाळा चालवत. कायद्याने प्रत्येक मुलाला नियमित शाळेचा हक्क दिला, तो योग्यच होता. त्याबरोबर साखरशाळांचं औपचारिक स्थान मात्र गेलं. मुलांनी अड्ड्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावं किंवा गावीच हंगामी वसतिगृहात राहावं, अशी व्यवस्था आली. मुलाने एका शाळेतून दुसरीत जाताना सोबत न्यायचं शिक्षण हमी पत्रक आलं. त्यातून काही मुलं नक्की टिकली. पण कायदा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवतो. अकरा वर्षांचं मूल पाचवीत बसतं, त्याचं गणित दुसरीत असतं, आणि मधली दरी भरायचं जे विशेष प्रशिक्षण कायद्यात लिहिलं आहे ते या अड्ड्यावर मला दिसलं नाही. ग्रामीण भारतात पाचवीतल्या १०० मुलांपैकी ३१नाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं, असं 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचा २०२४चा अहवाल सांगतो. ती आकडेवारी वर्षभर गावातच असणाऱ्या मुलांनाही धरून आहे.

ताईंनी मला एक साधी गोष्ट दाखवली, जी मी कुठल्या अहवालात वाचली नव्हती. बेरीज-वजाबाकी पहिल्या सत्रात होते. भागाकार, अपूर्णांक बहुतेक शाळांत दिवाळीनंतर घेतले जातात. म्हणजे ऊसतोड कुटुंबातल्या मुलाचं जे हुकतं ते दरवर्षी तेच हुकतं. तिसरीत, चौथीत, पाचवीत. त्याला भागाकार अवघड जातो असं आपण म्हणतो. खरं तर भागाकार चालू असताना ते मूल कधी वर्गातच नव्हतं.

आता थोडं आनंदाबद्दल, कारण या वर्गात तो भरपूर होता. एका शनिवारी ताईंनी कापरेकरांचा खेळ घेतला. देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी शोधलेला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. मुलांना चार अंकी संख्या शोधायला लांब जावं लागलं नाही. रस्त्याने उसाचे ट्रक चालले होते, प्रत्येकाच्या पाटीवर चार आकडे. एकाने ३५२४ पकडली: ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. तो ओरडलाच. मग प्रत्येकाला स्वतःचा ट्रक हवा होता. हातच्याची वजाबाकी एरवी पाच उदाहरणांत कंटाळवाणी होते. त्या दिवशी पोरांनी ताडपत्रीच्या कडेपर्यंत जमीन खडूने भरली. कुणी चुकलं तर शेजारी चूक शोधून देत होता, कारण ६१७४ आली नाही म्हणजे कुठेतरी गडबड आहे, हे सगळ्यांना कळत होतं. या खेळाचा उचलीशी काही संबंध नव्हता, आणि तो नसावाच. ऊसतोड मजुराच्या मुलीला गणितातलं नवल पाहायचा हक्क आहे, तो उपयोगाच्या नावाखाली काढून घेऊ नये.

हंगाम संपताना ताई प्रत्येक मुलाच्या हमी पत्रकाला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद टाचतात. पत्रकावर हजेरी असते, मुलाला काय येतं ते नसतं. त्या चौथीतल्या मुलीच्या कागदावर लिहिलं होतं: 'भागाकार तोंडी चांगला येतो, शंभरापुढेही. मांडताना मधलं शून्य विसरते. अपूर्णांक कोयत्याच्या हिशेबात पक्के, लिहिताना नाहीत.' असे कागद बहुधा गावच्या शाळेत कपाटात जातात, हे ताईंना माहीत आहे.

या जूनमध्ये मात्र मुलीच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा फोन आला. शंभरापुढे तोंडी भागाकार करते हे तुम्हाला कसं कळलं, त्यांनी विचारलं, इथे तर ती फळ्यापाशी उभीसुद्धा राहत नाही. ताईंनी वाढ्यांचा हिशेब सांगितला. बाईंनी तो लिहून घेतला. मग त्यांनी विचारलं, वर्गात आणखी अकरा मुलं दिवाळीनंतर जाणार आहेत, तर भागाकार मी ऑगस्टमध्येच घेऊ का? घ्या, ताई म्हणाल्या, आणि अपूर्णांक कोयत्यापासून सुरू करा. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या, अर्ध्याच्या निम्म्याला मुलं काय म्हणतील याबद्दल, कारण पाव कोयता असा काही नसतो.